हो, ती प्रेमपत्रंच होती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी पुसद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पाचवी ते सातवी मिळून आमच्याकडे ४६ मुलं आहेत, निम्म्याहून जास्त शेजारच्या बंजारा तांड्यावरची. यंदा फेब्रुवारीत या मुलांकडून मी व्हॅलेंटाईनची कार्डं करून घेतली. जलरंगात, हाताने. त्यावरून गावात बरंच बोलणं झालं. ‘शाळेत पोरापोरींकडून प्रेमपत्रं लिहून घेतात’ अशी तक्रार वरपर्यंत गेली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. खुलासा एका पानाचा होता. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे. आता माणसं ऊसतोडीवरून परत आली आहेत, कार्डांचं पुढे काय झालं तेही कळलं आहे, म्हणून एवढे दिवस थांबले.

सुरुवात एका बदामापासून झाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सातवीच्या फळ्यावर कुणीतरी खडूने बदाम काढला, त्यातून आरपार बाण नेला आणि बाणाच्या दोन टोकांना दोन अक्षरं लिहिली. ज्या मुलीचं त्यातलं एक अक्षर होतं ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती मागच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी काढला ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर एक नाव कळलं असतं, आणि बदाम ही फक्त चिडवायची गोष्ट आहे हे बाकीच्यांच्या डोक्यात आणखी पक्कं झालं असतं.

म्हणून १४ फेब्रुवारीबद्दल वर्गात उघडच बोलायचं ठरवलं. ‘मॅडम, व्हॅलेंटाईन म्हंजे लग्नाचं राहते ना?’ हा पहिला प्रश्न आला आणि सगळे माना खाली घालून हसले. मी सांगितलं, ख्रिस्ती परंपरेप्रमाणे हे रोममधल्या एका संताचं नाव आहे, तिसऱ्या शतकातलं, आणि हा त्याच्या बलिदानाचा दिवस मानतात. मग कार्डांचं सांगितलं. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली. त्याआधी अंतर मोजून पैसे लागायचे, आणि बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यालाच द्यावे लागायचे. टपाल स्वस्त झालं तशी साध्या माणसांनीही एकमेकांना कार्डं धाडायला सुरुवात केली. आपल्याकडेही १८५४ मध्ये अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र देशात कितीही लांब जाऊ लागलं. अमेरिकेत वुस्टर नावाच्या गावात एस्थर हाउलँड या बाईंच्या वडिलांचं कागद-दौत-लेखणीचं दुकान होतं. इंग्लंडहून आलेलं एक कार्ड बघून त्यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच कार्डं करायला घेतली. मागणी इतकी आली की घरातच मैत्रिणींना कामाला बसवलं. एकीने फुलं कापायची, एकीने जाळीचा कागद लावायचा, एकीने चिकटवायचं. ही गोष्ट मुलींना फार आवडली. ‘म्हंजे बचत गटावानी,’ एक जण म्हणाली, आणि मला तिच्यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

तिकडच्या प्राथमिक शाळांत आजही पुष्कळ ठिकाणी मुलं वर्गातल्या सगळ्यांसाठी कार्डं नेतात, कुणी राहू नये म्हणून. ते ऐकून मी आमचा नियम केला. कार्ड वर्गातल्या कुणालाच नाही. ज्याची आठवण येते, किंवा ज्याला आपण कधी काही बोललो नाही, अशा एका माणसाला. थोडा वेळ वर्ग गप्प. मग सहावीतला एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, ‘याडीले पाठवलं तं चालन काय?’

याडी म्हणजे आई, बंजारा बोलीत. आमच्या भागातल्या तांड्यांवरून दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून राबतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. धाकटी लेकरं बरोबर जातात, शाळेची मागे राहतात, आजी-आजोबांजवळ. फोन होतात, नाही असं नाही. पण माणूस रात्री उसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, येतो तेव्हा पोरगं इकडे झोपलेलं असतं, आणि पहाटे पोरगं उठायच्या आधी गाडी भरायला तो गेलेला असतो.

आता कागदाचं. हा भाग मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण आमच्यासारख्या शाळांतून जलरंग शिकवणाऱ्याला नेमकं इथेच अडतं.

पहिल्या दिवशी आम्ही नेहमीच्या चित्रकला वहीचा कागद घेतला आणि पार फसलो. पाणी लागलं की कागद फुगला, ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की कागदाच्या गोळ्या निघाल्या. मुलं म्हणाली, ‘मॅडम, आमाले येत नाही.’ त्यांना येत होतं, कागदाला येत नव्हतं. मग रविवारी यवतमाळला जाऊन ३०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारे, २२ बाय ३० इंचांचे तीन मोठे कागद आणले. एका कागदाचे साडेपाच बाय साडेसात इंचांचे बरोबर १६ तुकडे होतात, मध्ये घडी घातली की कार्ड तयार. तीन कागदांचे ४८ तुकडे, मुलं ४६. एका कार्डाचं वजन साधारण ८ ग्रॅम भरतं. वरून घरी केलेलं पाकीट घातलं तरी २० ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात जातं. हा हिशेब सातवीच्या मुलांनी फळ्यावर केला. क्षेत्रफळ आणि चौरस मीटर त्यांना त्या दिवशी जितकं कळलं तितकं पुस्तकातून कळलं नव्हतं.

रंगाच्या वड्यांच्या डब्या चौघांत एक. पाणी दोन भांड्यांत ठेवायचं, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. भांडी म्हणून मुलांनी करवंट्या आणल्या. वेळ मात्र मला बदलावी लागली. दुपारच्या कोरड्या हवेत पाण्याचा हात बघता बघता वाळतो, रंग पसरायच्या आतच कडा धरतो. म्हणून परिपाठ संपला की लगेच, वर्गात गारवा असेपर्यंत, आम्ही व्हरांड्यात बसायचो. चार सकाळी हेच चाललं.

सगळ्यात कठीण गेलं ते पांढऱ्याचं. १५ फेब्रुवारीला बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांची जयंती असते. तांड्यावर तयारी सुरू झालेली, त्यामुळे चार-पाच जणांना कार्डावर महाराजांचा पांढरा झेंडा हवा होता. ‘डबीत पांढरा नाही जी.’ मी सांगितलं, जलरंगात पांढरा म्हणजे कागद. जे पांढरं ठेवायचं तिथे हात लावायचा नाही, भोवतीचं आभाळ रंगवायचं. रिकामी जागा सोडणं पोरांच्या हाताला मान्यच होईना. ब्रश हातात असला की तो फिरलाच पाहिजे. पहिले तीन झेंडे निळे झाले. चौथ्या मुलीने मात्र श्वास रोखून झेंड्याच्या कडेकडेने निळं पाणी नेलं, वळणावर ब्रश उचलला, आणि मागे सरून बघितलं तर आभाळात खराखुरा झेंडा उभा. ती उठून वर्गभर दाखवत फिरली.

ज्या मुलाने याडीचं विचारलं होतं त्याची गोष्ट वेगळी. लाईट गेल्यावर लावायच्या मेणबत्तीचं एक थोटूक मी नेलं होतं. मेणाने लिहिलं की काहीच दिसत नाही, पण वरून पातळ रंग फिरवला की मेणावर तो धरत नाही. हे मी एकदा दाखवलं. तो थोटूक घेऊन खांबाआड जाऊन बसला. बराच वेळ कागदावर वाकून काहीतरी गिरवत होता. शेजारचा म्हणाला, ‘मॅडम, यानं काहीच नाही काढलं, कोराच हाय.’ त्याने उत्तर दिलं नाही. ब्रश पाण्यात बुडवून निळ्या वडीवर घोळवला आणि कागदाच्या डाव्या कडेपासून एकच हात ओढत आणला. आधी ‘या’ आला, मग ‘डी’. मोठी, पांढरी, जराशी वाकडी अक्षरं. त्याच्याखाली उसाची कांडी आणि एक कोयता. बदाम त्याने काढलाच नव्हता. मी म्हटलं, बदाम राहिला. तो म्हणाला, ‘हाय ना. त्याच्यावरच लिवलं.’ कागद उजेडात तिरपा धरला तर खरंच, अक्षरांच्या मागे बोथट नखाने दाबून काढलेला बदाम होता. वळात रंग जरा जास्त साचला होता, तेवढाच दिसत होता.

तिसऱ्या दिवशी केशरी वडी संपली. बांधावरचा एक पळस लवकर फुलला होता. मुलांनी ओंजळभर फुलं आणली, मावशींनी खिचडीआधी ती गॅसवर उकळून दिली. पाणी पिवळं निघालं. एका मुलीच्या आजीच्या चंचीतला चुना आणला होता. तो काडीच्या टोकावर घेऊन पाण्यात बुडवला तसं पिवळ्याचं केशरी होत गेलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग हळदीवर चुना टाकून लाल केला. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण पाकिटातून जाणाऱ्या कार्डाला तेवढा पुरतो. हे रंग पळसाच्याच पानांच्या द्रोणात ठेवले. काही मुलींनी त्या केशरी-लाल रंगांनी कार्डाच्या कडेला आजीच्या फेटियावरची, म्हणजे बंजारा घागऱ्यावरची, नक्षी काढली, आरसे म्हणून बारीक गोल कोरे सोडून. पांढरं सोडणं तोवर त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

सगळीच कार्डं आईबापांना नव्हती. तिघांनी खिचडीवाल्या मावशींना केलं. एकाने सीमेवर असलेल्या काकाला. एका शेतकऱ्याच्या मुलाने दिवाळीनंतर विकलेल्या बैलाला केलं आणि पाकिटावर बैल नेणाऱ्याचं नाव घातलं. आत लिहिलं, ‘आमच्या बैलाले वाचून दाखवा.’ फळ्यावर जिचं अक्षर होतं त्या मुलीने आजीला केलं. आजी घरातच असते. तरी तिने पाच रुपयांचं तिकीट लावून पोस्टातच टाकलं, कारण आजीच्या नावाने पोस्टमन आजवर कधी आला नव्हता.

पत्ते लिहिणं हा एक धडाच झाला. मुलांनी रात्री जागून फोनवरून पत्ते विचारले. कारखाना, गट कार्यालय, मुकादमाचं नाव, गाव, तालुका. पिनकोड हे आकडे कशासाठी, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली, हे सांगितल्यावर त्यांनी आमचा ४४५ने सुरू होणारा आणि कोल्हापूर-सांगलीकडचा ४१६ने सुरू होणारा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला. शेजारच्या गावाला जितके पैसे तितकेच कोल्हापूरला, यावर काहींचा विश्वास बसला नाही. डाकसेवकांनी वर्गात येऊन सांगितलं तेव्हा बसला.

यानंतर तक्रार झाली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. अजून न टाकलेली कार्डं मी टेबलावर मांडली. एका सदस्यांनी पुलवामाचा मुद्दा काढला. १४ फेब्रुवारी २०१९ला तिथे ४० जवान गेले, त्यांत आपल्या विदर्भातल्याच बुलडाणा जिल्ह्यातले दोघं होते, त्या दिवशी हे सण कसले, असं ते म्हणाले. त्यांचं दुःख खरं होतं आणि मला ते पटलं. त्या दिवशी परिपाठात आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलो, पुढेही राहू. काकाला लिहिलेलं कार्ड मी त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते उघडून वाचलं, परत घडी घातली आणि ‘हे जाऊ द्या’ म्हणाले. मग बाकीचीही गेली. मात्र ‘नाव तरी बदला, शुभेच्छापत्र म्हणा’ असा आग्रह शेवटपर्यंत होता. मी बदललं नाही, आणि त्याचं कारण खुलाशात लिहायला मला जमलं नव्हतं. मुलांच्या तोंडी हा शब्द आलेलाच आहे. तो मोबाईलमधून आला, जाहिरातींतून आला, आणि येताना लाज आणि चिडवणं घेऊन आला. शाळेने तो टाळला तर त्याचा तेवढाच अर्थ त्यांच्याजवळ राहील. आम्ही त्या शब्दात याडी बसवली, आजी बसवली, बैल बसवला. प्रेमपत्रं लिहून घेतली असा आरोप होता. हो, ती प्रेमपत्रंच होती, ४६ होती, आणि ती सगळी मोजून पेटीत गेली.

आता परतलेल्या माणसांकडून कळलेलं. बहुतेक कार्डं पोचली. काही कारखान्याच्या स्लिप बॉयने, म्हणजे फडात उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या पोराने, फडात नेऊन दिली. एका बाईंनी कोपीच्या कुडाला खोचून ठेवलं होतं, धुराने काळवंडलेलं तसंच परत आणलं. मावशींनी आपली तिन्ही गॅसच्या वर भिंतीला लावली, वाफेने रंग ओघळले, तर मुलांनी नवी करून देतो म्हटलं. मावशी नको म्हणाल्या. बैल नेणाऱ्या शेतकऱ्यांचा शाळेत फोन आला. बैल बरा आहे, कामाला चांगला आहे, आणि पत्र त्याला वाचून दाखवलं. मुलाला बोलावून फोन दिला, तर तो फक्त ‘हो जी, हो जी’ म्हणत राहिला.

एक कार्ड परत आलं. ऊसतोडीची टोळी कारखान्याच्या एका गटातून, म्हणजे भागातून, दुसऱ्या गटात हलली होती. पाकिटावर शेरा मारलेला होता. पाचवीतल्या त्या मुलीने ते महिनाभर दप्तरात ठेवलं आणि आई ट्रकमधून उतरली तेव्हा तसंच बंद हातात दिलं. आईला वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखवलं का, ते मी विचारलं नाही.

आता माझं म्हणणं, ज्यासाठी आपल्या दैनिकाची जागा मागते आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत १००हून जास्त मुलं असतील तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक मिळतो. गावखेड्यातल्या आणि तांड्यावरच्या शाळांत १०० मुलं कुठून येणार? म्हणजे ज्या मुलांना घरी रंगाची डबी बघायला मिळत नाही, नेमक्या त्यांच्याच शाळेत कलेचा माणूस नाही. मी स्वतः भाषा आणि गणित शिकवते. जलरंग मला डीएडला असताना एका बाईंनी शिकवले, तेवढ्या शिदोरीवर हे केलं. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, पाच-सहा लहान शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्यावा, त्याने आठवड्यातला एकेक दिवस एकेका शाळेला द्यावा. आणि कागद चांगला द्यावा. वर्षाला एका मुलामागे मोठ्या कागदाचा चौथा हिस्सा दिला तरी प्रत्येकाला चार चित्रं काढता येतील, फुगणार नाही अशा कागदावर. ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचावं.

पुढच्या फेब्रुवारीत मी हे पुन्हा करणार आहे. पळस लवकर फुलला नाही तर केशरी वड्या जास्तीच्या घेऊन ठेवीन. टोळ्या कधी कोणत्या गटात हलतात ते मुकादमांकडून यंदा निघायच्या आधीच लिहून घ्यायचं सातवीच्या मुलांनी कबूल केलं आहे, त्याची वही आम्ही आजच घातली.

आपली,
एक शिक्षिका
पुसद तालुका, जि. यवतमाळ